सर्टिफिकेट मिळालं, हात कधी बसणार?

दहावीचा निकाल लागला की माझा फोन चालू होतो. बहिणीच्या सासरचं कुणीतरी, गावाकडचा एखादा आतेभाऊ, नाहीतर ज्यांचा नंबरसुद्धा माझ्याकडे सेव्ह नाही असे कोणीतरी पाहुणे, आणि प्रश्न एकच, "पोराला साठ टक्के पडलेत, अकरावी सायन्सला घालू का आयटीआयला?" मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो आणि मूळचा टर्नर आहे, त्यामुळे घरच्यांनी मला परस्पर मार्गदर्शन केंद्र करून टाकलंय. माझं उत्तर ठरलेलं असतं, आयटीआयला घाला पण ट्रेड बघून घाला. हल्ली त्याच्यावर उलटा प्रश्न येतो, "पण दाजी, सरकारची ती ट्रेनिंगची स्कीम आलीय ना, पैसे पण मिळतात म्हणे महिन्याला, मग दोन वर्ष कशाला घालवायची?" याचं उत्तर फोनवर पाच मिनिटात देता येत नाही आणि दिलं तर समोरच्याला वाटतं ह्याला सरकारवर राग आहे. राग बिग काही नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवीन.

आधी एक गोष्ट मान्य करतो. महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणारे लोक भेटतात, ते चूक आहे. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ला सुरू झाली, १९५६ ला आयटीआयचा रोजचा कारभार राज्यांकडे आला, आणि तेव्हापासून आज आपल्याकडे चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत, म्हणजे ढोबळमानाने तालुक्याला एक तरी आहेच. खाजगी धरून वर्षाला दीड लाखाच्या आसपास जागा. सरकारी आयटीआयची फी इतकी कमी की शेतमजुराचं पोर पण भरू शकतं. इलेक्ट्रिशियनच्या जागा तर दरवर्षी आधी भरतात कारण महावितरणची विद्युत सहायकाची भरती सगळ्यांच्या डोक्यात असते, त्याच्या पाठोपाठ फिटर, कारण रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, माझगाव डॉक. ज्यांच्या घरात तीन पिढ्या कुणाची पगाराची स्लिप नव्हती अशा किती घरात पहिली स्लिप या आयटीआयमुळे आली त्याचा हिशोब कुणी मांडलेला नाही पण मांडला पाहिजे.

आता आयटीआयमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो, कारण माझा पुढचा सगळा मुद्दा तिथे अडकलेला आहे. फिटरला गेलेल्या पोराला सुरुवातीला बराच काळ फक्त फाइल, म्हणजे कानस, हातात देतात. एमएसचा (माइल्ड स्टीलचा) चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरायचा आणि घासायचा, मग काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरून बघायचा, फटीतून उजेड दिसला की परत घास. हाताला फोड येतात, कंटाळा येतो, पोरगं घरी जाऊन सांगतं की तिथे काही शिकवत नाहीत नुसतं घासायला लावतात. आणि मग कधीतरी एक दिवस त्याला न मोजताच कळायला लागतं की हा कोपरा अजून जास्त आहे, इथे दाब कमी द्यायला पाहिजे. यालाच आमच्यात हात बसणं म्हणतात. पुढे मेल-फिमेल फिटिंगचा जॉब (आमच्यात घडवायच्या तुकड्याला जॉब म्हणतात) येतो, दोन तुकडे एकमेकात सरकले पाहिजेत पण डुलले नाही पाहिजेत, त्याच्यात निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, जॉब उजेडाकडे धरून काही न बोलता परत टेबलावर ठेवतात आणि पोराला कळतं काय ते.

लोक म्हणतात आता सगळीकडे सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी, आलेत, फाइल कोण धरतंय. बरोबर आहे, आमच्या शॉपमध्ये पण दिवसभर फाइलचं काम निघत नाही. पण सीएनसीवर दोन प्रकारची माणसं लागतात. एक ऑपरेटर, जो जॉब लावतो, दरवाजा बंद करतो, सायकल स्टार्ट दाबतो. दुसरा सेटर, ज्याला मायक्रोमीटरवर रीडिंग हललं की कळतं की इन्सर्ट (धातू कापणारं छोटं पातं) झिजलाय का जॉबच नीट बसला नाही, ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, किती मायक्रॉन द्यायचा, आणि आवाज बदलला की मशीन थांबवायची. ऑपरेटर काही आठवड्यात तयार होतो, सेटर व्हायला काही वर्ष जातात. पगाराचा फरक मोठा आहे आणि नोकरी गेली तर दुसरी मिळायचा फरक त्याहून मोठा. राज्य सरकार जेव्हा कुशल मनुष्यबळ म्हणतं तेव्हा त्याला यातला कोण हवाय हे मला कुठल्याच जीआरमधून कळलेलं नाही.

आणि सेटर घडवायला जो माणूस लागतो त्याची जागाच रिकामी असते. शिल्प निदेशक. २०२२ साली व्यवसाय शिक्षण संचालनालयाने १,४५७ शिल्प निदेशकांची जाहिरात काढली होती, आकडा बघा म्हणजे किती वर्ष साचलं होतं ते कळेल. मधल्या काळात वर्ग कोण चालवत होतं तर तासिका तत्त्वावरचे निदेशक, म्हणजे जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी घेतील का नाही माहीत नाही. यातले कित्येक जण जीव तोडून शिकवतात हे मी स्वतः बघितलंय, पण ज्या माणसाला स्वतःचं पुढचं वर्ष माहीत नाही त्याच्याकडून आपण पोराची दोन वर्ष घडवून घ्यायची अपेक्षा करतो. इंटरव्ह्यूला आलेली पोरं सांगतात की एका लेथवर चार जण उभे राहायचो, मटेरियल संपलं की जुनाच जॉब परत टर्न करायचा, तो बारीक होत होत पेन्सिलीएवढा झाला की मग थांबायचं. थिअरीचा पेपर कॉम्प्युटरवर ऑब्जेक्टिव्ह, तो निघतो. हातात मात्र माप घ्यायचा व्हर्नियर दिला की गडबड होते, त्यात पोराची चूक किती आणि कुणाची किती हे तुम्हीच ठरवा.

विद्यावेतनाची पण एक गंमत आहे (गंमत कसली). आयटीआयच्या पोरांना महिन्याला ४० रुपये मिळायचे. चाळीस. कित्येक वर्ष तोच आकडा, एसटीचं भाडं वाढत गेलं, वहीची किंमत वाढत गेली, पण हे चाळीस जागचे हलले नाहीत. २०२३ मध्ये कुठे ते ५०० केले. चांगलं केलं, मनापासून सांगतो चांगलं केलं, पण पुढच्या आकड्याशी जोडून बघायचं म्हणून लक्षात ठेवा.

तर पुढचा आकडा. २०२४ च्या जूनमधल्या बजेटमध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर झाली, जुलैत जीआर निघाला, लोकांनी तिचं लाडका भाऊ असं नाव पाडलं. वय १८ ते ३५, बारावी झालेल्याला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००, थेट खात्यात. मुदत सहा महिने. वर्षाला दहा लाख तरुणांचं टार्गेट. कंपनीत पण जाता येतं आणि सरकारी कार्यालयात पण, आणि प्रत्यक्षात खूप पोरं ग्रामपंचायत, तलाठी ऑफिस, झेडपीची शाळा अशा ठिकाणी लागली. माझी एक भाची पण शाळेत लागली होती, बीए झालेली, तिला काम आवडलं, पोरांना वाचायला शिकवत होती, घरात पहिल्यांदा तिच्या नावाने पैसे यायला लागले तर तिचं बोलणंच बदललं. हे मी हलकं मानत नाही, तिला विचाराल तर ती स्कीम चांगलीच म्हणेल.

पण मला प्रश्न पडतो तो असा की सहा महिने झाल्यावर काय. सरकारला पण तोच प्रश्न पडला बहुतेक, कारण २०२५ मध्ये मुदत वाढवून अकरा महिने केली. अकरा महिने संपत आले तसे प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले की आम्हाला कायम करा. आता यात पोरांना दोष देणारे खूप आहेत, जीआरमध्ये लिहिलं होतं ना की ही नोकरी नाही मग आता कशाला रडता वगैरे, पण मला त्यांचं म्हणणं कळतं, तुम्ही माणसाला ऑफिसात बसवलं, ऑफिसचं काम करून घेतलं, ते काम उद्या पण असणारच आहे, फक्त तो माणूस नसणार. मग हे ट्रेनिंग होतं का रिकाम्या जागेवरची तात्पुरती सोय होती? आणि ट्रेनिंग असेल तर कशाचं, कोणत्या ट्रेडचं, परीक्षा कुणी घेतली, बाहेरच्या कुठल्या मालकाला त्या सर्टिफिकेटवरून काय समजणार? आमच्याकडे असं सर्टिफिकेट घेऊन कुणी आलं तर मी त्याला तेच विचारणार जे आठवी नापासला विचारतो, काय काय येतं रे तुला.

आता खरा झोल बघा. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आयटीआय पास पोराला अप्रेंटिस म्हणून २०१९ च्या नियमाप्रमाणे महिन्याला किमान ७,००० रुपये ठरले. आणि तेच पोर कार्य प्रशिक्षणात जाऊन ऑफिसात बसलं तर ८,०००. म्हणजे मशीनवर उभं राहून, तेलात हात घालून, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र घेणाऱ्याला किमान दर कमी आणि ज्यात परीक्षाच नाही त्यात जास्त. माझ्या ओळखीतल्या कंपन्या किमानपेक्षा जास्त देतात हे खरं आहे पण अठरा एकोणीस वर्षाचं पोर आणि त्याचा बाप कागदावरचा आकडा बघूनच ठरवतात. एकाच राज्यात एकाच पोरासमोर दोन दरवाजे आणि चुकीच्या दरवाजावर हजार रुपये जास्त लावून ठेवलेत.

कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. हे असं होतं कारण दरवेळी नवीन काहीतरी सुरू होतं आणि जुनं तसंच बाजूला चालू राहतं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढायला आमच्या वेळी रांग लागायची, ते गेलं आणि नोकरीच्या नोंदणीचं महास्वयम पोर्टल आलं. २०११ ला कौशल्य विकास सोसायटी झाली, २०१५ ला स्वतंत्र विभाग झाला, त्याच वर्षी केंद्राची पीएमकेव्हीवाय, म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, आली. २०२१ च्या कायद्याने कौशल्य विद्यापीठ झालं ज्याला आता रतन टाटांचं नाव आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी ऑनलाइन बटण दाबून एका दिवसात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू केली. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांची प्रशिक्षणं वेगळी. रोजगार मेळावे वेगळे. प्रत्येकाचं उद्घाटन होतं, प्रत्येकाचा फ्लेक्स लागतो, प्रत्येकाचा प्रशिक्षित लाभार्थी असा आकडा येतो. पंगतीत किती पानं उठली तेवढंच मोजायचं, अर्धपोटी कोण उठलं ते बघायचं नाही, असं चाललंय. मला फक्त एकच आकडा पाहिजे, पास होऊन दोन वर्ष झालेल्यांपैकी किती जण त्याच ट्रेडच्या कामावर आहेत. प्रत्येक आयटीआयच्या गेटवर, प्रत्येक केंद्राच्या दारावर बोर्डावर लिहा. खोटं लिहिलं तरी चालेल, गावातली लोकं बरोबर ओळखतात.

यात एक सन्माननीय अपवाद म्हणजे एमएससीआयटी, तो संगणकाचा कोर्स. लोक त्याची चेष्टा करतात, पण ते गावोगाव पोचलं आणि त्याला एक ठरलेली परीक्षा होती, सरकारी नोकरीला ते लागायचं म्हणून सगळ्यांनी केलं. निदान माऊस हातात धरून शिकवलं. मोठ्या प्रमाणावर शिकवता येतच नाही असं नाही, फक्त संगणकाची तोंडओळख आणि लेथ यात फरक आहे.

सगळं सरकारवर ढकलून मोकळं व्हायला पण मी तयार नाही, कारण मी ज्या बाजूला बसतो तिथले लोक काही कमी नाहीत. मालक लोकांच्या मीटिंगमध्ये दर वेळी तेच रडगाणं, स्किल्ड माणूस मिळत नाही, पोरं टिकत नाहीत, मोबाईलमध्ये असतात. अहो पण तुम्ही देता किती? मधे बरीच वर्ष नीम ट्रेनी नावाचा प्रकार चालला, नाव प्रशिक्षणाचं आणि काम सरळ लाइनवरच्या उत्पादनाचं, ओव्हरटाइम पीएफ कशाचाच विषय नाही, चाकण रांजणगावला पोरांच्या बसच्या बस भरून यायच्या. ती स्कीम शेवटी बंद झाली. आज त्या जागी कंत्राटी आलाय. कमवा आणि शिका हे शब्द कर्मवीर अण्णांनी कशासाठी वापरले होते आणि आज कंपन्यांच्या बॅनरवर कशासाठी असतात याच्यावर मी जास्त बोलत नाही, बीपी वाढतं.

पण छोट्या शॉपची एक खरी अडचण आहे आणि ती सरकारमधल्या कुणाच्या लक्षात येत नाही असं मला वाटतं. आमच्यासारख्या वीस पंचवीस माणसांच्या शॉपने एक पोर घेतलं, पहिलं वर्षभर त्याने इन्सर्ट फोडले, जॉब रिजेक्ट केले, सीनियरचा अर्धा वेळ खाल्ला, हा सगळा खर्च आमचा. दुसऱ्या वर्षी तो कामाचा झाला की चाकणची मोठी कंपनी त्याला चार हजार जास्त देऊन घेऊन जाते, आणि त्याने जावंच, मी असतो तर मी पण गेलो असतो. मग मालक म्हणतो पुढच्या वेळी शिकवायचंच नाही, तयार माणूस आणू. सगळ्यांनी असं ठरवलं की तयार माणूस येणार कुठून? इथे राज्याचं काम आहे, जे एकट्या मालकाला परवडत नाही ते सरकारने उचलायचं. केंद्राच्या शिकाऊ योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं, पण त्याच्या पोर्टलवरचं काँट्रॅक्ट, हजेरी, क्लेम हे सगळं करायला वेगळा माणूस लागतो आणि आमच्याकडे अकाउंट बघणाराच पॅकिंगपण बघतो. ऑफिसात बसवायला जे पैसे निघाले त्यातले थोडे छोट्या शॉपमधल्या अप्रेंटिसच्या शिकवण्याच्या वेळेसाठी दिले असते, आणि कागदपत्रं करायला एमआयडीसीत एक खिडकी उघडली असती, तर फरक दिसला असता.

जर्मनीचं उदाहरण सगळे देतात. आपल्या राज्याने २०२४ ला तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार पण केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार पोरं पाठवायची, इथे भाषा शिकवायची वगैरे. आता तिथे माणूस कसा तयार होतो तर दोन ते साडेतीन वर्ष, आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत आणि एखाद दोन दिवस शाळेत, परीक्षा चेंबर, म्हणजे उद्योगांची संस्था, घेतं. म्हणजे कंपनीच अर्धी शाळा असते. आपण त्यांना माणसं द्यायला निघालो पण त्यांची पद्धत आणायला तितकी घाई नाही. तसं आपल्याकडे २०१६ पासून ड्युअल सिस्टम आहे की, आयटीआयचं पोर काही महिने कंपनीत जाऊन शिकतं, मला विचाराल तर सगळ्या स्कीममधली हीच सगळ्यात कामाची, आणि हिच्याबद्दलच कुठे फ्लेक्स दिसत नाही.

आता पुढे काय येतंय तर मे २०२५ मध्ये केंद्राने आयटीआय सुधारायला ६०,००० कोटींची योजना मंजूर केली, ऑक्टोबरमध्ये पीएम सेतू नावाने सुरू झाली, देशभरातल्या हजार आयटीआय, दोनशे मोठ्या आणि त्यांना जोडलेल्या आठशे, त्यात उद्योगांचा पण वाटा. राज्याने पण उद्योगांना आयटीआयमध्ये भागीदार करून घ्यायचं धोरण आणलंय. चांगलंय, पण हे पहिल्यांदा होत नाहीये, २००७ ला पण असंच पीपीपी, म्हणजे सरकार आणि उद्योगांची भागीदारी, झालं होतं, त्यातल्या प्रत्येक आयटीआयला अडीच कोटी बिनव्याजी कर्ज, उद्योजक अध्यक्ष असलेली व्यवस्थापन समिती (आयएमसी). तेव्हा कुठे मशिनी आल्या, काही ठिकाणी खरंच रूप पालटलं, आणि काही ठिकाणी अध्यक्ष साहेब सहीपुरतेच आले. पैशाने मशीन येते. त्या मशीनवर कूलंट (कापताना गार ठेवणारं पाणी) कोण भरणार, इन्सर्ट कुठून येणार आणि ती चालू करून दाखवणारा निदेशक पर्मनंट आहे का, यावर सगळं अडतं. मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल, सोलर टेक्निशियन असे नवीन ट्रेड आलेत ते मला आवडलं, गावाकडे मागेल त्याला सौर पंप बसतायत, वर्षभराने कंट्रोलर बंद पडला की कंपनीचा माणूस आठ आठ दिवस येत नाही, तिथे तालुक्यातलंच पोर उभं राहू शकतं. फक्त त्याला शिकवताना खरा पंप आणि खरं पॅनल पाहिजे, चित्र नको.

म्हणून यंदा विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, फॉर्म भरायच्या आधी पोराला घेऊन त्या आयटीआयत एकदा स्वतः जा. वर्कशॉपमध्ये जाऊन बघा, मशीनवर चिप्स, म्हणजे धातूचा कीस, पडलेत का धूळ. त्या ट्रेडचा निदेशक पर्मनंट आहे का तासिकेवर ते विचारा, विचारायला लाजू नका. गेल्या वर्षीची पोरं अप्रेंटिसला कुठे लागली ते ऑफिसात नाही, गेटबाहेरच्या टपरीवर विचारा, तिथे खरं कळतं. मुलगी असेल तर फक्त शिवणकाम आणि ब्युटीपार्लर दाखवतील, फिटर आणि मशिनिस्टला पण राखीव जागा असतात, आमच्याकडे व्हीएमसीवर दोन मुली आहेत आणि रिजेक्शन त्यांचं सगळ्यात कमी आहे. कार्य प्रशिक्षणात जायचं असेल तर आयटीआय आणि अप्रेंटिस दोन्ही झाल्यावर, मधे नाही.

आणि माझ्यासारखे शॉप चालवणारे कोणी वाचत असतील तर एक काम करा. आपल्याकडे ईएन-८ आणि एमएस स्टीलच्या बारचे वीतभर तुकडे रोज भंगारात जातात, भंगारवाला किलोवर घेतो. आयटीआयला तेच विकत आणायला निविदा आणि अनुदानाची वाट बघावी लागते. जवळच्या प्राचार्यांना भेटा, त्यांच्याकडून मागणीचं पत्र घ्या म्हणजे गेटपासला अडचण येत नाही, आणि महिन्याला एक टेम्पो पाठवा. झिजलेले पण अजून एक कोपरा शिल्लक असलेले इन्सर्ट असतील तर ते पण टाका त्यात, पोरांना चालतात.